दादरचं पोर्तुगीज चर्च: चर्चसारखं न दिसणारं चर्च

गोखलेरोडकर

मंडळी, नमस्कार.

गोखले रोड आणि एस. के. बोले रोड जिथे मिळतात त्या नाक्याला सगळी मुंबई 'पोर्तुगीज चर्च' म्हणते. बस तिथे थांबते, टॅक्सीवाल्याला एवढंच सांगितलं की पुरतं, आणि सिद्धिविनायकाला चालत जाणारे मंगळवारी त्याच्याच समोरून जातात. पण यातल्या किती जणांनी मान वर करून ते चर्च पाहिलंय? चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढराशुभ्र दर्शनी भाग, दोन मनोरे आणि मधे घंटा येते. इथे त्यातलं काही नाही. काँक्रीटची उंच, वर निमुळती होत गेलेली छपरं, भिंती, झाडं. नवखा माणूस 'चर्च कुठाय?' असं चर्चसमोर उभा राहून विचारतो.

मूळ चर्च १५९६ सालचं. फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी बांधलेलं, नाव 'नोसा सेन्योरा दा साल्वासांव', म्हणजे तारणमाता. त्या वेळी हा सगळा भाग माहीम बेटाचा दक्षिणेकडचा तुकडा होता, म्हणून जुन्या कागदांत याला 'खालच्या माहीमचं चर्च' म्हटलेलं सापडतं. सध्याची इमारत मात्र १९७४ ते १९७७ या काळातली, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. तेच ते, साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयाचे, कंबाला हिलवरच्या कांचनजंगा टॉवरचे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे.

माझं म्हणणं एवढंच: दादरमधली ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात हुशार इमारत आहे. जुनं पाडून नवं बांधलं म्हणून हळहळणारे मला माहीत आहेत (घरातच आहेत). पण एकदा भर दुपारी आत जाऊन बसा, मग बोलू. जाणकारांनी भर घालावी.

खडूसकाका

लेख चांगला, पण पटला नाही. मी आमच्या चाळीच्या गॅलरीतून ते चर्च वर्षानुवर्षं पाहिलंय. बाहेरून गिरणीचं गोडाऊन वाटतं. माणूस देवळात जातो तेव्हा त्याला लांबूनच कळलं पाहिजे की हे देवाचं घर आहे. शिखर, कळस, मनोरा यांना काही अर्थ असतो की नाही? वांद्र्याचं माउंट मेरी बघा, लांबून हात जोडले जातात. इथे काँक्रीटला हात जोडायचे का?

लालविटकर

खडूसकाका, मी आर्किटेक्ट आहे, तेव्हा थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

कोरियांनी या चर्चची मांडणी येशूच्या आयुष्याच्या तीन टप्प्यांवर केली: बाप्तिस्मा, लोकांमध्ये फिरून केलेली शिकवण, आणि बलिदान. नेहमीच्या चर्चमध्ये एक लांबलचक दिवाणखाना, शेवटी वेदी, आणि सगळ्यांची तोंडं तिकडे. इथे एकात एक गुंतलेल्या जागा आहेत, काहींवर छप्पर, काही उघड्या आकाशाखाली. आपण एका जागेतून दुसरीत जातो तेव्हा मधे अंगण लागतं, ऊन लागतं, झाडाची सावली लागते. कोरिया आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिले: आपल्या हवेत सकाळी आणि संध्याकाळी सगळ्यात सुखाची जागा म्हणजे आभाळाखालची. ओटा, अंगण, गच्ची. युरोपातल्या माणसाला थंडीपासून वाचायला पेटी लागते, आपल्याला ती लागत नाही.

आता तुमचं 'गोडाऊन'. ती उंच छपरं दिखाव्याची नाहीत. खाली दोनचारशे माणसं बसली की हवा तापते, तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, निमुळत्या छपरातून टोकाकडे जाऊन बाहेर पडते. तिची जागा घ्यायला बाजूच्या सावलीतल्या अंगणातली गार हवा आत ओढली जाते. पंखा लावा न लावा, हवा हलती राहते. हाच प्रयोग त्यांनी अहमदाबादच्या ट्यूब हाउस नावाच्या घरात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला छोट्या प्रमाणात केला होता. उतरत्या छताच्या कडेने गरम हवा वर सरकते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते. चर्चमध्ये तेच मोठं केलंय. शिवाय त्याच माथ्यातून उजेड खाली येतो, थेट डोळ्यांवर न येता भिंतीवरून घरंगळत. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर मेणबत्त्या विझवतात तेव्हा धूर कुठे जातो ते बघत बसा, सगळं समजेल.

छताच्या काचेवर एम. एफ. हुसेन यांचं काम आहे, हे कुणीच कसं लिहिलं नाही?

खडूसकाका

हुसेन? आमच्या नाक्यावर?

लालविटकर

होय. आणि तुमचं माउंट मेरी. बाहेरून अगदी युरोपियन दिसणारी ती इमारत १९०४ची, आणि तिचे आर्किटेक्ट होते शापूरजी चंदाभॉय. पारशी गृहस्थ. तेव्हा 'चर्चसारखं दिसणं' हाही एका काळाचा फॅशनचा भाग असतो.

मोडीलिपी

इतिहासाची बाजू थोडी. 'पोर्तुगीज चर्च' हे नाव एवढं घट्ट का बसलं, यामागे बरीच भानगड आहे.

मुंबई १६६१च्या लग्नाच्या तहात इंग्लंडच्या राजाला मिळाली, प्रत्यक्ष ताब्यात आली १६६५ला, आणि १६६८ला वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. पण बेटांवरचे कॅथलिक पाद्री राहिले पोर्तुगीजच, आणि त्यांची निष्ठा गोव्याच्या आर्चबिशपकडे. कंपनीला ते सलत होतं. शेवटी १७२०ला कंपनीने पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबईतून घालवलं आणि चर्चं रोमने नेमलेल्या कार्मेलाइट पंथाच्या विकार अपोस्टोलिककडे, म्हणजे पोपच्या इथल्या प्रतिनिधीकडे सोपवली. म्हणजे चर्च तेच, मिस्सा तीच, भाविक तेच, फक्त वरचा साहेब बदलला. लोकांना ते पचलं नाही. अर्ज, विनंत्या, भांडणं सत्तरेक वर्षं चालली, आणि १७९४ला चक्क वाटणी झाली. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वासांव गोव्याकडे, तर एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल विकार अपोस्टोलिककडे. एका बाजूला पोर्तुगालच्या राजाचा धर्मप्रसाराचा हक्क, म्हणजे पाद्रोआदो. दुसऱ्या बाजूला प्रोपागांडा, म्हणजे रोमचं धर्मप्रसाराचं खातं. एका गावात दोन पाटील.

म्हणजे इंग्रजांच्या राज्यातही दादरचं हे चर्च गोव्याच्या, अर्थात पोर्तुगीजांच्या अखत्यारीत राहिलं. नाव टिकण्याचं मुख्य कारण मला तरी यातच दिसतं. नुसतं पोर्तुगीजांनी बांधलं म्हणून म्हणावं तर माहीमचं सेंट मायकलही त्यांचंच होतं, त्याला कुणी पोर्तुगीज चर्च म्हणत नाही.

हा दुहेरी कारभार पार १९२८ला संपला. मधे १८५३मध्ये माहीमला तर नाटकच झालं. सेंट मायकल पाद्रोआदोकडे जाऊ नये म्हणून बिशप हार्टमन स्वतः आत ठाण मांडून बसले, बाहेर विरोधकांचा वेढा. शेवटी मॅजिस्ट्रेटने दार उघडायला लावलं आणि चर्च पाद्रोआदोवाल्यांकडे गेलं.

गोखलेरोडकर

मोडीलिपी, याला म्हणतात प्रतिसाद! वाचनखूण साठवली आहे.

मोडीलिपी

अजून एक, चर्चपासून फार लांब नाही म्हणून. परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे ना, ती वास्तू मूळची जेझुइट पंथाच्या पाद्र्यांचा मठ आणि चर्च. कंपनीने ती जप्त केली, पुढे ते गव्हर्नरचं निवासस्थान झालं. जिथे प्रार्थना व्हायची तिथे मेजवान्या झडू लागल्या, वर नाचाचा दिवाणखाना. १८९९ला हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा तिथे आली. मठ, राजवाडा, प्रयोगशाळा, सगळं एकाच जोत्यावर.

प्रभादेवीकर

आमचा सिद्धिविनायक १८०१चा. लक्ष्मण विठू आणि देऊबाई पाटील यांनी बांधलेलं छोटं देऊळ. म्हणजे गणपती बसला तेव्हा शेजारच्या चर्चला दोनशे वर्षं होऊन गेली होती! हे कधी डोक्यातच आलं नाही. गंमत म्हणजे दोघांच्याही मूळ इमारती आज नाहीत. देवळाची झाली मजलेदार, चर्चची झाली कोरियांची. जुनं पाडलं म्हणून एकालाच का नावं ठेवायची?

अवांतर: कीर्ती कॉलेजच्या वडापावचा उल्लेख नसलेला दादरचा धागा पहिल्यांदाच पाहिला.

निर्मळची_लेक

उशिरा आले, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी वसईकडची कॅथलिक, माहेरची भाषा सामवेदी, लग्न होऊन दादरला आले. त्यामुळे माझं हे चर्च रोजच्यातलं.

लालविटकर दादांनी मांडणीचं सांगितलं ते बरोबरच, पण त्यामागचं धार्मिक कारणही महत्त्वाचं आहे. १९६२ ते १९६५ दरम्यान रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडे तोंड करून, भाविकांकडे पाठ करून प्रार्थना करायचे. आमच्या आजीला लॅटिन प्रार्थना घडाघडा पाठ होत्या, अर्थ विचारला तर म्हणायची, 'देवाला कळतो ना, मग झालं.' परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. वसईत मराठीत सुरू झाली, आणि आज आमच्याकडे मराठी उपासना, मराठी गायनं हे सगळं इतकं सहज आहे की लहान मुलांना लॅटिनचा काळ खरा वाटत नाही. फादर भाविकांकडे वळले, वेदी लोकांच्या जवळ आली.

आता विचार करा, जुन्या पद्धतीचं लांब, अरुंद चर्च या नव्या उपासनेला कसं पुरणार? शेवटच्या बाकावरच्या माणसाला फक्त पुढच्यांची डोकी दिसणार. दादरचं चर्च परिषदेनंतर दहाएक वर्षांत बांधलं गेलं, ते या नव्या रीतीला धरून. सगळ्यांना वेदी दिसावी, लोकांनी वेदीभोवती जमावं. खडूसकाका, तुम्हाला गॅलरीतून गोडाऊन दिसतं, पण ती इमारत गॅलरीतून बघण्यासाठी बांधलेलीच नाही हो. आतून बाहेर अशी बांधलीय.

सणाच्या दिवशी उपासना संपली की आम्ही बायका लगेच रस्त्यावर येत नाही. अंगणातच घोळके होतात. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला, सगळं तिथेच कळतं. आर्किटेक्ट लोक त्याला काय म्हणतात माहीत नाही, आम्ही 'बाहेर उभं राहणं' म्हणतो.

खडूसकाका

निर्मळची लेक, तुम्ही एवढं सांगितलंत तर एकदा आत जाऊन बघेन म्हणतो. गोडाऊनचं मत अजून कायम आहे, नोंद असावी.

ठाण्याचा_बाळ्या

एक शंका. इथल्या कॅथलिकांना काही लोक 'ईस्ट इंडियन' म्हणतात, काही गोवन, काही मंगळुरी. दादरच्या चर्चमध्ये मूळचे कोण?

निर्मळची_लेक

आता सगळे मिसळलेत. गोव्याचे, मंगळूरचे, वसईचे, तमिळ, मल्याळी. पण उत्तर कोकणातले इथलेच मूळ रहिवासी, कोळी, भंडारी, कुणबी वगैरे समाजांतले, जे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, ते ईस्ट इंडियन. घरात मराठीचीच बोली, लग्नात उंबराचं पाणी आणायची रीत, अंगावर लुगडं. नाव मात्र इंग्रजांच्या काळातलं. १८८७ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता, तेव्हा गोव्याहून नोकरीला आलेल्या लोकांपासून आपण वेगळे, इथलेच, हे दाखवायला त्यांनी हे नाव घेतलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. मुंबईत शेत उरलं नाही, लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, पण आगेरा होतो.

गावठाणांच्या तोंडाशी जे छोटे क्रूस दिसतात, त्यातले बरेच १८९६च्या प्लेगच्या वेळचे. साथ वेशीतून आत येऊ नये म्हणून उभारलेले. आपल्याकडे मरीआईला नवस बोलायचे तसंच.

साष्टीकर

क्रूसांवरून आठवलं. चर्चगेटजवळच्या क्रॉस मैदानाला ते नाव का, तर एस्पेरान्सा चर्च आधी तिथल्या एस्प्लनेडच्या भागात होतं. किल्ल्याभोवती मोकळी जागा हवी म्हणून इंग्रजांनी ते हलवलं, ते भुलेश्वरला गेलं. जुन्या आवारातला क्रूस मैदानात राहिला. माझगावचं ग्लोरियाही असंच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं आणि भायखळ्याला नवं बांधलं. तेव्हा १७९४च्या वाटणीतल्या चार चर्चपैकी दोन जागा सोडून गेली. दादरच्या चर्चने अंग बदललं, जागा नाही सोडली.

टोरोंटोहून_मंदार

अँटोनियो डिसिल्व्हा शाळेचा माजी विद्यार्थी. शाळा चर्चला लागूनच, त्यामुळे नवं चर्च वाढताना रोज पाहिलं. सेंटरिंगच्या फळ्या काढल्यावर काँक्रीटवर लाकडाच्या रेघा उमटलेल्या दिसायच्या. आम्हाला वाटायचं काम अर्धवट राहिलंय, आता गिलावा करतील, रंग देतील. ते 'तसंच ठेवायचंय' हे कळायला बरीच वर्षं गेली. धागा वाचून बरं वाटलं.

सळईमिस्त्री

मी स्ट्रक्चरल ऑडिट करतो, तेव्हा सगळे कौतुक करत असताना थोडं पाणी ओततो. या चर्चच्या आजच्या तब्येतीबद्दल बोलत नाहीये, त्या काळातल्या सगळ्याच उघड्या काँक्रीटबद्दल बोलतोय.

काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून आतली सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि तो अल्कधर्म कमी करत जातो. मुंबईत त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड. दोन्ही सळईपर्यंत पोचले की गंज सुरू, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. मग आतून दाब येऊन वरचा थर फुटतो, पापुद्रे पडतात. त्यातून चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. गिलावा आणि रंग हे सळईचे रेनकोट असतात. उघड्या काँक्रीटला ते नाहीत, आणि त्या काळात सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थरही आजच्या मानाने कमी ठेवायचे.

दुरुस्ती करता येते, पण कटकटीची. सैल थर काढा, सळई घासा, गंजरोधक लावा, पॉलिमर मॉर्टर भरा. आणि मग ठिगळं दिसतात. ती झाकायला कुणीतरी म्हणतं, 'पूर्ण रंग मारून टाका.' रंग मारला की लाकडाच्या रेघा गेल्या, मूळ इमारतीचा पोतच गेला. पणजीच्या कला अकादमीत जुलै २०२३मध्ये नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला, तीही कोरियांचीच इमारत.

लालविटकर

सळईमिस्त्री, सहमत, आणि हा मुद्दा कुणी बोलत नाही म्हणून आभार. दगडी इमारत म्हातारी झाली की लोक तिला वारसा म्हणतात, काँक्रीटची झाली की धोकादायक म्हणतात. दिल्लीतलं राज रेवाल यांचं हॉल ऑफ नेशन्स २०१७ला एका रात्रीत पाडलं, कारण काय तर ते पुरेसं जुनं नाही! दादरच्या चर्चचं भाग्य एवढंच की ते रोज वापरात आहे. रोज वापरणारे लोक असले की गळती लगेच लक्षात येते. नुसत्या प्रदर्शनाच्या इमारतीला ते सुख नसतं.

एका बाबतीत मात्र माझी तक्रार कोरियांशीच आहे. मुंबईत अंगण म्हणजे ऑक्टोबर ते मे. धो धो पावसात एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जाताना भिजायला होतंच. कोरियांच्या बऱ्याच इमारतींत हा अनुभव येतो. कागदावर पाऊस पडत नाही.

निर्मळची_लेक

पावसात छत्री घेऊन येतो आम्ही. त्यात काय एवढं?

ठाण्याचा_बाळ्या

अवांतर होतंय, पण चर्चचा विषय निघालाच आहे तर वसईच्या घंटांचं काय? चिमाजी आप्पांनी १७३९ला वसई घेतली तेव्हाच्या चर्चच्या घंटा देवळांत आहेत असं ऐकलंय.

मोडीलिपी

आहेत की. भीमाशंकरला आहे ती १७२९ सालची, तिच्यावर क्रूस आणि मेरीमातेची आकृती ओतलेली आहे, बघायला विसरू नका. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ची. मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात ती हीच. वाईजवळ मेणवलीलाही एक आहे. भाविक रोज वाजवतात, वर काय कोरलंय इकडे लक्ष नसतं. यावर वेगळा धागा काढा, तिथे फोटोंसकट लिहितो.

ठाण्याचा_बाळ्या

काढतोच.

साष्टीकर

ख्रिस्ती नसलेल्यांना आत सोडतात का? आणि फोटो काढले तर चालतात का?

निर्मळची_लेक

सोडतात की, का नाही सोडणार? मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, फोन बंद ठेवा. फोटोंसाठी पॅरिशच्या ऑफिसात विचारा, परवानगी असल्याशिवाय काढू नका. लग्न असेल त्या दिवशी मात्र जाऊ नका, ऑफिसातले वैतागतात. आणि दुपारी गेलात तर लालविटकर दादा म्हणतात तो उजेड बघायला मिळेल, संध्याकाळी दिवे लागलेले असतात.

खडूसकाका

रविवारी दुपारी जातोय. हुसेनची काच नेमकी कुठल्या छपरात आहे ते कुणीतरी आधीच सांगून ठेवा, मान दुखते माझी.